पेत्र पहिला पोप होता का, आणि बिशपांची साखळी खरंच अखंड आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: कॅथलिक घरात लहानपणापासून शिकवतात की येशूने आपल्या बारा शिष्यांपैकी पेत्राला पहिला पोप नेमलं आणि ती गादी तेव्हापासून अखंड चालत आली. प्रोटेस्टंट मित्र म्हणतो, हे सगळं कॉन्स्टंटाईन बादशहानंतरचं राजकारण. यात खरं काय? आणि प्रेषितांपासून, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांपासून, आजच्या बिशपांपर्यंतची परंपरा कुठेच तुटलेली नाही, हे कागदोपत्री दाखवता येतं का?

आरंभीच्या चर्चचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो. वर्गात कॅथलिक असतात, प्रोटेस्टंट असतात, मधूनच केरळचा एखादा ऑर्थोडॉक्स असतो, आणि हा प्रश्न चुकत नाही. माझं उत्तर दोन्ही बाजूंना थोडं टोचतं. रोमचा मान चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाईनने दिलेला नाही. तो त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून दिसतो. पण तो मान आधी रोमच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या सगळ्या ख्रिस्ती समुदायाचा होता. एकटा बिशप मंडळीचा प्रमुख असणं ही त्यानंतरची गोष्ट, आणि 'मी पेत्राच्या जागी बसलो आहे म्हणून माझं ऐका' हा दावा त्याच्याही नंतरचा. हा क्रम एकदा डोक्यात बसला की उरलेला गुंता बराचसा सुटतो.

पेत्रापासून सुरुवात करू. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू त्याला म्हणतो की या खडकावर मी आपली मंडळी रचीन, आणि स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या तुला देईन. बारा जणांत पेत्र पुढे आहे, हे चारही शुभवर्तमानांत दिसतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये यरुशलेमेत मोठी सभा भरते तेव्हा पेत्र बोलतो आणि शेवटचा निर्णय याकोब मांडतो. सिरियातल्या अंत्युखियात तर पौलाने त्याला सगळ्यांसमोर खडसावलं, आणि पौलानेच ते गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे पुढारी होता, पण त्याचा शब्द शेवटचा नव्हता.

तो रोमला गेला होता का? माझ्या मते, हो. पेत्राच्या पहिल्या पत्रात शेवटी 'बाबेल' येथील मंडळीचा सलाम आहे, आणि त्या काळच्या लिखाणात बाबेल म्हणजे रोम, हे बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून गेलेल्या पत्रात पेत्र आणि पौल यांच्या हौतात्म्याची आठवण आहे. साधारण इ.स. २०० च्या सुमारास गायस नावाचा रोमचा एक ख्रिस्ती लेखक सांगतो की व्हॅटिकनच्या टेकडीवर आणि ओस्तियाच्या रस्त्यावर या दोघांची स्मारकं मी दाखवू शकतो. १९४० च्या दशकात सेंट पीटर्सच्या वेदीखाली उत्खनन झालं, तेव्हा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली एक छोटी देवळी सापडली. खाली मिळालेली हाडं कुणाची, हा वाद वेगळा आणि तो मी इथे काढत नाही. माझ्या दृष्टीने जास्त बोलका पुरावा दुसराच आहे: पेत्राची कबर आमच्याकडे आहे, असा दावा प्राचीन काळी दुसऱ्या कुठल्याही शहराने रोमविरुद्ध लढवला नाही.

पण तिथे जाणं वेगळं आणि तिथला पहिला बिशप असणं वेगळं. पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं ते इ.स. ५७ च्या आसपास. शेवटच्या अध्यायात तो दोन डझनांहून अधिक माणसांना नावानिशी सलाम सांगतो. त्यात पेत्र नाही. मंडळी मात्र आधीपासून आहे, घराघरांतून भरते आहे. बहुधा यरुशलेमेला ये-जा करणाऱ्या ज्यू व्यापाऱ्यांनी आणि प्रवाशांनी ती नेली असावी. पेत्र आणि पौल रोमचे संस्थापक, असं पुढे म्हटलं गेलं ते त्यांच्या हौतात्म्यामुळे. पहिली वीट त्यांनी ठेवली म्हणून नव्हे.

आता दुसरं शतक. खरा मामला इथेच आहे.

साधारण इ.स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला एक लांबलचक पत्र लिहिलं. तिथल्या काही तरुणांनी 'वडिलांना', म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, पदावरून हटवलं होतं. हे पत्र क्लेमेंटचं म्हणून ओळखलं जातं, पण मजकुरात त्याचं नाव कुठेच नाही. 'रोममध्ये उपरी म्हणून राहणारी देवाची मंडळी' असा बोलणारा आहे, आणि सगळं 'आम्ही' मध्ये. पत्र सांगतं की प्रेषितांनी ठिकठिकाणी अध्यक्ष आणि सेवक नेमले, पुढे पदावरून भांडणं होणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून हे लोक गेल्यावर दुसऱ्या पारखलेल्या माणसांनी त्यांचं काम घ्यावं अशी व्यवस्थाही केली. प्रेषितीय परंपरेच्या कल्पनेचं हे जवळजवळ पहिलं लेखी रूप. मात्र या पत्रात 'अध्यक्ष' (याच शब्दाचा पुढे 'बिशप' झाला) आणि 'वडील' हे शब्द एकाच माणसांसाठी येतात, अनेकवचनात. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीतही अध्यक्ष अनेक आहेत. एका शहराचा एक बिशप, ही रचना इथे दिसत नाही.

पंधराएक वर्षांनी अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस साखळदंडात रोमकडे नेला जात होता. वाटेत त्याने सात पत्रं लिहिली. त्यातल्या सहांत एकच धोशा: बिशपाला धरून राहा, बिशपाशिवाय काही करू नका. आशिया मायनरमध्ये एक-बिशप पद्धत तोवर रुजत होती हे यावरून कळतं. सातवं पत्र रोमला. त्यात मंडळीची स्तुती इतकी की 'प्रेमात अग्रस्थानी असलेली' म्हणतो. आणि रोमच्या बिशपाचा उल्लेख? एकदाही नाही. पेत्र आणि पौल यांच्यासारखी मी तुम्हाला आज्ञा करत नाही, असंही त्यात आहे. म्हणजे या दोघांचा रोमशी संबंध त्याला ठाऊक आहे, पण त्यांच्या जागी बसलेला कुणी त्याला माहीत असल्याचं दिसत नाही. निव्वळ मौनावरून निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना सतत सांगतो. पण उरलेल्या सहा पत्रांत जो माणूस बिशपाशिवाय वाक्य पुरं करत नाही, त्याचं मौन मोजावं लागतं. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत रोममध्येच लिहिलं गेलेलं हर्मासचं लिखाणही मंडळीचं नेतृत्व करणाऱ्या 'वडिलां'बद्दल अनेकवचनातच बोलतं.

मग एक बिशप आला कसा? त्याला कारण झालं रोममधलं धार्मिक बाजारपण. साम्राज्याची राजधानी म्हटल्यावर प्रत्येक नवा पंथ तिथे पोहोचणारच. पुढे पाखंडी ठरलेला मार्सियन आला, भरपूर पैसा मंडळीला दिला, आणि इ.स. १४४ मध्ये त्याला पैशांसकट बाहेर काढलं गेलं. व्हॅलेंटिनस इजिप्तहून आला. त्याचे अनुयायी सांगत, आमचा गुरू थ्यूदासचा शिष्य, आणि थ्यूदास पौलाचा. पौलाने जे चारचौघांत सांगितलं नाही ते ज्ञान आमच्याकडे आहे. बॅसिलिडीसचे लोक म्हणत, आमची परंपरा ग्लॉकियसकडून, जो पेत्राचा दुभाषी होता. लक्षात घ्या, उत्तराधिकाराचा दावा आधी हे ज्ञानवादी, म्हणजे गुप्त ज्ञानाने तारण होतं असं मानणारे पंथ, करत होते. गुपचूप हस्तांतरित झालेलं ज्ञान, गुरूकडून शिष्याकडे.

त्याला उत्तर म्हणून यादी आली. हेगेसिप्पस नावाच्या माणसाने प्रवास करून मंडळ्यामंडळ्यांत कोणानंतर कोण आलं ते टिपलं. आणि इ.स. १८० च्या सुमारास लियोंचा बिशप आयरेनियस याने ती युक्ती पूर्ण केली. प्रेषितांना काही गुप्त सांगायचं असतं, तर ते त्यांनी ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच सांगितलं असतं ना? मग त्या मंडळ्यांत जा आणि भर चौकात काय शिकवलं जातं ते ऐका. सगळ्या मंडळ्यांच्या याद्या द्यायच्या तर लांबेल, म्हणून तो एक देतो: रोमची. लीनस, अनॅक्लीटस, क्लेमेंट, पुढे एलेउथेरसपर्यंत बारा नावं. कॅथलिक उपासनेत, मिस्सामध्ये, पहिली युखारिस्त प्रार्थना वापरली तर लीनस, क्लीटस, क्लेमेंट ही नावं आजही कानावर पडतात.

या यादीत दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पेत्र यादीत क्रमांक एकवर नाही. पेत्र आणि पौल दोघे मिळून मंडळी उभी करतात आणि लीनसच्या हाती देतात, मोजणी लीनसपासून. दुसरं, ही यादी कुणी कुणाच्या डोक्यावर हात ठेवून अभिषेक केला त्याची नाहीच. एलेउथेरसला सोटरने बिशप केलं असं तो म्हणत नाही. तसं होणं शक्यही नव्हतं, कारण बिशप मेल्यावरच पुढचा निवडला जाई. आपल्याकडच्या मठाची गादी आणि गुरूने दिलेली दीक्षा या जशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसंच इथे. आयरेनियसची यादी गादीची आहे. त्या जागेवर बसून, सगळ्यांसमोर, तीच शिकवण कोण देत आलं, एवढंच तिला सांगायचं आहे. आजच्या वादांत दोन्ही बाजू हे विसरतात.

यादीतली सुरुवातीची नावं खोटी आहेत का? मला तसं वाटत नाही. त्या वडिलांपैकी ज्यांची आठवण ठळक राहिली अशांची ती नावं असावीत. पत्रव्यवहार सांभाळणारा क्लेमेंट तर नक्कीच; हर्मासच्या लिखाणातही बाहेरगावी पत्रं पाठवण्याचं काम असलेला क्लेमेंट येतो. पण त्यांना एकामागून एक अशा रांगेत एकट्याने राज्य करणारे बिशप म्हणून बसवणं हे नंतरच्या डोळ्यांनी मागे पाहणं आहे. पेत्र रोमचा २५ वर्षं बिशप होता, हा आकडा इ.स. ३५४ च्या रोमन पंचांगातल्या यादीत सापडतो. त्याच यादीत क्लीटस आणि अनॅक्लीटस ही एकाच माणसाची नावं दोन माणसांची झाली आहेत!

आता प्राधान्याचा मुद्दा. रोमच्या बिशपाने दुसऱ्यांवर जोर आजमावल्याचं पहिलं ठळक उदाहरण इ.स. १९० च्या सुमाराचं. आशिया मायनरचे ख्रिस्ती पुनरुत्थानाचा सण ज्यूंच्या निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीशी जोडत, रोम रविवारी करी. व्हिक्टरने आशियाच्या मंडळ्यांशी संबंध तोडायचं ठरवलं. इफिसचा पॉलिक्रेटीस उलट लिहितो: फिलिप्प हिएरापोलिसला पुरला आहे, योहान इफिसला; माझ्या नात्यातले सात जण बिशप होते, मी आठवा; धमक्यांना मी भीत नाही. म्हणजे प्रेषितांच्या कबरी दाखवणं हे एकट्या रोमचं भांडवल नव्हतं. आणि व्हिक्टरला कुणी आवरलं? खुद्द आयरेनियसने, ज्याने दहा वर्षांपूर्वी रोमच्या मंडळीची इतकी थोरवी गायली होती. व्हिक्टरला असा अधिकारच नाही, असं मात्र तो म्हणाल्याची नोंद नाही. असं करू नये, एवढंच. कॅथलिक अभ्यासक यावर बोट ठेवतात, आणि ते चूक नाहीत.

मत्तय १६ चा आधार रोमच्या बिशपाने घेतल्याचं पहिल्यांदा कळतं ते स्टीफनच्या वेळी, इ.स. २५४ ते २५७. तोवर पेत्राला जाऊन दोनशेच्या आसपास वर्षं झाली होती. वाद असा: फुटीर गटात बाप्तिस्मा घेतलेला माणूस परत आला तर त्याचा पुन्हा बाप्तिस्मा करायचा का? कार्थेजचा सिप्रियन म्हणे, करायचा. चर्चबाहेर पवित्र आत्मा नाही, मग बाप्तिस्मा कुठला? स्टीफन म्हणे, पूर्वीपासून चालत आलंय ते बदलू नका, फक्त हात ठेवून परत घ्या. सिप्रियनने २५६ मध्ये कार्थेजला ८७ बिशपांची परिषद भरवली आणि सुरुवातीलाच सांगितलं की आपल्यातला कुणी स्वतःला बिशपांचा बिशप समजत नाही. रोख कुणाकडे, ते सांगायला नको. कॅपाडोशियाच्या फर्मिलियनने सिप्रियनला लिहिलेलं पत्र तर भलतंच जहाल आहे: हा स्टीफन आपल्या गादीच्या जागेची फुशारकी मारतो, चर्चचा पाया ज्याच्यावर घातला त्या पेत्राचा उत्तराधिकार माझ्याकडे असं म्हणतो, आणि दुसरीकडे नको ते खडक उभे करतो. स्टीफनचा दावा आपल्याला कळतो तो असा, विरोधकाच्या शिव्यांमधून.

गंमत अशी की सिप्रियनही पेत्राच्या आसनाबद्दल आदराने बोलतो. त्याच्या मते पेत्राला दिलेला अधिकार हा एकतेचा नमुना. तो प्रत्येक बिशपात पूर्णपणे उतरतो. प्रत्येक गावचा बिशप पेत्राच्या जागी आहे. पूर्वेकडच्या चर्चचं म्हणणं आजही बरंचसं या वळणाचं आहे.

शेवटी रीत स्टीफनची टिकली. इ.स. ३१४ च्या आर्ल परिषदेने आफ्रिकेला तीच पाळायला सांगितली. या निकालाचा दुसरा परिणाम मला प्राधान्याच्या दाव्याइतकाच मोठा वाटतो. चर्चपासून फुटलेल्याने दिलेला बाप्तिस्मा खरा, हे मान्य झाल्यावर पुढे आफ्रिकेचाच बिशप ऑगस्टीन याने तोच न्याय धर्मगुरू आणि बिशप करण्याच्या दीक्षाविधीला लावला: फुटीर बिशपाने केलेला अभिषेकही होतोच, भले तो अनधिकृत असो. म्हणजे डोक्यावर हात ठेवत जाणारी साखळी मंडळीपासून सुटी करून मोजता येऊ लागली. आयरेनियसला ही कल्पना समजलीच नसती.

यानंतरचं बरचसं परिचित आहे, म्हणून भराभर जातो. इ.स. ३२५ ला निकेयाच्या परिषदेने अलेक्झांड्रिया, रोम, अंत्युखिया यांचे आपापल्या प्रदेशातले जुने हक्क कायम केले. रोमचा बिशप सिल्वेस्टर तिथे गेलाच नव्हता, त्याने दोन वडील धाडले. कॉन्स्टंटाईनने चर्चला इमारती आणि पैसा दिला, पण राजधानी पूर्वेला नेऊन रोमच्या बिशपासाठी मोकळं मैदानही सोडलं. ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ठरवलं की नव्या रोमच्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, बिशपाचा मान जुन्या रोमच्या खालोखाल. रोमला हे झोंबलं ते क्रमामुळे कमी, कारणामुळे जास्त. राजधानी म्हणून मान मिळत असेल तर राजधानी हलली की मानही हलणार. तेव्हापासून रोम ठासून सांगू लागलं की आमचा मान परिषदांनी दिलेला नाही, प्रभूने पेत्राला दिलेला आहे. लिओने (४४० ते ४६१) त्याला कायद्याची भाषा दिली: रोमन कायद्यात वारस मृताच्या हक्कांत संपूर्णपणे उभा राहतो, स्वतः कितीही अपात्र असला तरी. म्हणून तो स्वतःला पेत्राचा अपात्र वारस म्हणवतो. ४५१ ला काल्सेदोनमध्ये त्याचं पत्र वाचल्यावर बिशप ओरडले, पेत्र लिओच्या तोंडून बोलला! त्याच परिषदेने कॉन्स्टँटिनोपलला रोमसारखेच हक्क देणारा ठरावही केला, तो लिओने फेटाळला.

मधला एक किस्सा मात्र सोडवत नाही. आफ्रिकेतल्या सिक्काचा अपियारियस नावाचा एक धर्मगुरू, त्याच्या बिशपाने त्याला बाहेर काढलं. तो इ.स. ४१८ मध्ये थेट रोमला गेला आणि पोप झोसिमसने त्याची बाजू घेतली. आधार काय, तर अशा अपिलांना मुभा देणारे निकेयाचे नियम. आफ्रिकेच्या बिशपांनी, त्यांत ऑगस्टीनही होता, आपल्या दप्तरात पाहिलं. ते नियम तिथे नव्हते. मग त्यांनी कॉन्स्टँटिनोपल आणि अलेक्झांड्रियाहून निकेयाच्या अस्सल प्रती मागवल्या. त्यांतही नव्हते. ते नियम ३४३ च्या सार्डिका परिषदेचे होते. रोमच्या वहीत ते निकेयाच्या नियमांपाठोपाठ उतरवले गेले होते आणि एकच समजले गेले होते. लबाडी होती असं मला वाटत नाही, दप्तरातला घोळ होता. पुढे अपियारियसने आपले गुन्हे कबूल केले, आणि आफ्रिकेने पोप सेलेस्टीनला नम्र पण स्पष्ट पत्र लिहिलं: आमच्याकडची प्रकरणं आम्हीच मिटवू. हे लोक रोमविरोधी नव्हते. रोमशी ऐक्य हवं, पण रोमने आमच्या घरात न्यायनिवाडा करू नये, असं त्यांना एकाच वेळी वाटत होतं, आणि त्यात त्यांना विसंगती दिसत नव्हती. प्रेषितीय परंपरा आणि पोपचं प्राधान्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे समीकरण त्यांच्या डोक्यात नव्हतंच.

मित्राला काय सांगावं? रोमच्या बिशपाचा अधिकार हळूहळू वाढला, एवढं सिद्ध केल्याने तो चुकीचा ठरत नाही. त्रैक्याचा सिद्धांतही हळूहळूच मांडला गेला, नव्या कराराची यादीसुद्धा, आणि ती यादी प्रोटेस्टंटही मानतात. उलट १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेतला, सगळ्या चर्चवर थेट अधिकार असलेला आणि शिकवणीत अचूक मानलेला पोप पहिल्या शतकातच तयार होता असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. वाढ देवाच्या मनात होती की परिस्थितीने घडवली, हा श्रद्धेचा प्रश्न. तिथे माझा विषय संपतो.

राहिला अखंड साखळीचा प्रश्न. गादी म्हणाल तर रोमची यादी दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून बऱ्यापैकी भरवशाची आहे. मध्ये रिकामे काळ आहेत, त्याच गादीवर हक्क सांगणारे प्रतिपोप आहेत, तेराव्या शतकात तर कार्डिनलांना नवा पोप निवडायला तीन वर्षांच्या आसपास लागली. पण डोक्यावर हात ठेवण्याची साखळी म्हणाल, तर कागद फार लवकर संपतात. आजच्या कॅथलिक बिशपांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांचा अभिषेकाचा माग मागे नेत गेलं, की तो शिपिओने रेबीबा या इटालियन कार्डिनलापाशी थांबतो. तो १५४१ मध्ये बिशप झाला. त्याला अभिषेक कुणी केला याची नोंद मिळालेली नाही. त्याआधीची साखळी विश्वासाने धरायची. प्रत्येक अभिषेकाला साधारणपणे एकाहून अधिक बिशप असत, म्हणून ती वाजवीही आहे, पण कागद नाही.

आणि साखळी सुटी केली की काय होतं, त्याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच. गोव्याच्या वेर्णे गावचे आंतोनियो फ्रान्सिस्को शाव्हिएर आल्व्हारिस हे कॅथलिक धर्मगुरू. पोर्तुगालच्या पाद्रोआदो हक्कावरून, म्हणजे इथल्या चर्चच्या कारभारावरच्या पोर्तुगीज राजाच्या हक्कावरून, रोमशी त्यांचं बिनसलं, आणि १८८९ मध्ये मलबारच्या सिरियन ऑर्थोडॉक्स बिशपांनी त्यांना आल्व्हारिस मार जुलियस या नावाने अभिषेक केला. ही अंत्युखियाची परंपरा, म्हणजे पेत्राच्याच दुसऱ्या गादीची. १८९२ मध्ये कोलंबोत त्यांनी रेने व्हिलात नावाच्या माणसाला बिशप केलं. व्हिलातने पुढे पश्चिमेत आणखी बिशप केले, त्यांनी आणखी, आणि आज अमेरिका-युरोपात मोजक्या माणसांच्या कितीतरी छोट्या 'चर्च' आपली प्रेषितीय परंपरा या गोवेकरापर्यंत आणि त्यातून अंत्युखियापर्यंत दाखवतात. ऑगस्टीनच्या न्यायाने त्यांचा दावा निदान विचारात घ्यावा लागतो. सिप्रियनच्या न्यायाने मंडळीशिवाय बिशप म्हणजे काहीच नाही, त्यामुळे ऑर्थोडॉक्स चर्च अशांना सहसा मोजतच नाही.

मित्र चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा असेल तर त्याला हेही सांगा की त्याच्याही चर्चमध्ये बिशप आहेत. १९७० मध्ये नागपूरला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट वगैरे एकत्र आले तेव्हा हे बिशपपद ठेवायचं की नाही, यावर बरीच वर्षं चर्चा झाली होती, आणि अखेर सर्वांनी परस्परांवर हात ठेवून सेवकपदं एक केली. अँग्लिकन दीक्षा रोमने १८९६ मध्येच पूर्णपणे रद्दबातल ठरवल्या होत्या, तो निर्णय अजून कायम आहे.